घेतलं, म्हणाली होतीस

आई, आज तुझ्याशी भांडायचंय. हे पत्र टाकायला पत्ता नाही, त्यामुळे तुला मधे तोंड घालता येणार नाही, तेवढं बरं आहे.

उन्हाळ्यात पेणला, रामवाडीतल्या एका लग्नात, तुझ्या वॉर्डातली सिस्टर भेटली. तू गेल्यावर तुझ्या बांगड्या माझ्या हातात देणारी तीच. जेवताना मी माझं नेहमीचं गाऱ्हाणं काढलं. कोरोनाने तुझी फुप्फुसं धरली तेव्हा तिथे स्टेम सेलची चाचणी चालू होती; निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन, कोणाला काय ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही, आणि माझ्या आईच्या नशिबी पाणी आलं असणार. सिस्टरचा हात ताटातच थांबला. "ताई, त्यांनी घेतलंच नाय. औषध बाळांच्या नाळेपासून केलंय कळल्यावर डॉक्टरांना हात जोडले. म्हणाल्या, पोराची नाळ मातीत जाते बाबा, माझ्या अंगात नको. वर मला म्हणाल्या, पोरीला सांगू नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत सोडत नव्हते म्हणून रोह्याहून फोनवर मी किती विनवलं होतं तुला! तू धापा टाकत म्हणालीस, "घेतलं गो बाय. आता तू जेव." आणि मी वेडी खरंच जेवले. इतकी वर्षं त्या डॉक्टरांना शिव्या घातल्या. फसवलंस तू. गागोद्याला तू बाळंतपणं करायचीस, न्हाणीमागे खड्डा खणून नाळ पुरायचीस, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड मी आणायचे. मला कळलं नसतं का? नको म्हणाली असतीस तर मी रडले असते, भांडले असते, पण तुझ्याशीच ना! शेवटचं भांडणसुद्धा तू मला दिलं नाहीस. औषधाने वाचली असतीस की नाही, देव जाणे. पण माझ्याशी खोटं बोलून गेलीस, हे काही केल्या पचत नाही.

गेल्या पंधरवड्यात सून बाळंत झाली. नाळ संशोधनाला द्याल का, असं दवाखान्यात विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. दे, म्हटलं. तुझ्यावरच्या रागाने म्हटलं. काल बाळाच्या बेंबीवरचं नाळेचं सुकलेलं टोक गळून पडलं. ते मी गुपचूप उचललं, न्हाणीमागे पुरलं आणि वर दगड ठेवला. सून शोधत होती. मी म्हटलं, "केरात गेलं असेल गो."