दुमडणारी पायडलं

नागपूर, सोमवार, १२ एप्रिल १९७६

"तुझी सायकल माझ्या घरात कधी अडगळ होणार नाही," लग्न ठरताना हे म्हणाले होते. संध्याकाळपासून तेच आठवतंय.

मागच्या आठवड्यात यांनी माझ्या सायकलला दुमडणारी पायडलं बसवून आणली. घराच्या बोळातून जाता-येता उभ्या सायकलचं पायडल तुझ्या पोटऱ्यांना लागतं, म्हणाले. मी किती सुखावले. आणि खरंच, पायडलं दुमडली की सायकल भिंतीला चिकटून राहते, पदर अडकत नाही. पण चढावर जोर दिला की उजवं खडखडतं. आज शाळेतून येताना ते पायाखालीच दुमडलं आणि मी पडले. घोटा सुजलाय.

सायकलवाला म्हणाला, "बाई, म्या त साहेबाले सांगितलं होतं, रोज चालवाले हे कामाचे नाही. ते म्हणे, बोळात स्कूटर बसली पाहिजे."

स्कूटर रविवारी येणार, हे मला माहीत होतं. मग पोटऱ्यांचं नाव कशाला घेतलं? नुसतं सांगितलं असतं तरी मी जागा केली असती. केली असती ना?

घरी विचारलं तर हसून म्हणाले, "काहून वं, रागावली काय? आता तुले सायकल कशाले लागते? मी सोडत जाईन शाळेत."

माझ्या पोटऱ्या! नवी गाडी उन्हात ठेवायला हे तयार होणार नाहीत, ठाऊक आहे. तरी उद्या म्हणणार आहे: माझी जुनी पायडलं परत बसवून द्या, आणि स्कूटर अंगणात ठेवा.