वन्संनी सुचवलेल्या फळ्या

तीर्थस्वरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला आमच्याकडे जमिनीवर जागा उरलेली नाही, सगळीकडे फळ्यांचे तुकडे पडले आहेत. तेव्हा तो कागदावरच गोड मानून घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात डावा दुखतो म्हणाला होतात, त्याच्या मागच्यात उजवा होता. दोघांनी वाटून घेतलंय हे एका परीने बरंच आहे. भावजींचा खोकला थांबला असेल. नसेल तर त्यांना आमच्याकडे पाठवू नका, हे मी आधीच सांगून ठेवते; आमच्या घराची भिंतच सध्या इतकी दमट आहे की धडधाकट माणूससुद्धा खोकत उठतो. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, ते लिहून टाकते आणि मग खरं काय ते सांगते.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून लिहिते आहे. या खिडकीतून समुद्र दिसतो असं घर घेताना आम्ही सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं होतं. आत्ता मात्र तुमच्या बंधूंची दोन पावलं दिसतात. पावलांखाली शिडी आहे, बाकीचे बंधू वर कुठेतरी आहेत आणि तिथून खरवडल्याचा आवाज येतो आहे. डॉक्टरांनी यांना चक्कर येते म्हणून साध्या स्टुलावरसुद्धा चढू नका असं बजावलं आहे. त्या भल्या माणसाला वाटलं, स्टूल म्हटलं की शिडी त्यात आलीच. हे म्हणतात, शिडीबद्दल डॉक्टर एक अक्षर बोललेले नाहीत. तेव्हा मधूनमधून माझं अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या, माझा एक डोळा कागदावर आणि एक पावलांवर आहे.

आता या सगळ्याचं मूळ कोण, हे मी लिहिणार नाही. मोठ्यांचं नाव असं घेऊ नये. फक्त आठवण करून देते. तुम्ही चार दिवस राहायला आला होतात, अंगणात खुर्ची टाकून चहा घेत होतात. समुद्राकडच्या भिंतीचा गिलावा खाऱ्या वाऱ्याने फुगून त्याचे पोपडे सुटत होते, त्यातला एक तुमच्या बशीत पडला. तुम्ही तो चमच्याने बाजूला केलात आणि म्हणालात, "बाळ, या भिंतीला लाकडाच्या फळ्या लाव. मासिकातल्या घरासारखं दिसेल." मग तुम्ही दुसरा कप मागितलात. तुमच्या दृष्टीने विषय संपला होता. बाळाने (वय वर्षं सदुसष्ट) त्या दिवशी जेवताना आमटी अळणी आहे हे ओळखलं नाही, तेव्हाच मी ओळखलं, आता फळ्या येणार. भिंतीला काहीतरी लावायला हवं हे मलाही मान्य होतं. मीच ते तीन वर्षं सांगत होते. पण आमच्या घरात मी सांगितलं की ती कटकट असते आणि तुम्ही सांगितलं की ती कल्पना असते.

तुम्हाला माहीतच आहे, यांची सगळी नोकरी बिस्किटांच्या कारखान्यात गेली. बिस्किट कुरकुरीत आहे की मऊ पडलं, हे तपासणारा माणूस. त्यामुळे ओलावा हा आपला विषय आहे, असं यांचं ठाम मत आहे आणि त्या विषयात समुद्रालाही हे फारसं विचारत नाहीत. यांनी गच्चीत कपड्यांच्या दोरीवर चार नमुने टांगले: एक लाकडी फळी, एक रंगीत पत्रा, एक प्लॅस्टिकची पट्टी आणि एक सिमेंटचं बोर्ड. महिनाभर माझे कपडे घरात वाळले. रोज संध्याकाळी हे वर जाऊन प्रत्येक नमुना बोटाने वाजवायचे, कानाशी धरायचे, हुंगायचे. एकदा फळीचा कोपरा दाताखाली धरलेला मी स्वतः पाहिला आहे. (शेजारच्या कप्तानांनीही पाहिला. हे कप्तान बंदरावर उपाहारगृह चालवायचे; बोटीवर त्यांनी कधी पाय ठेवलेला नाही, पण टोपी आहे.) महिन्याने पत्रा कापलेल्या कडेने गंजला. प्लॅस्टिक उन्हाने पिचलं आणि वाऱ्यात असं फडफडू लागलं की समोरच्या घरातून निरोप आला. लाकूड काळं पडलं. सिमेंटच्या बोर्डाला काहीएक झालं नाही. यावरून कुणीही शहाणा माणूस काय ते समजला असता. पण सिमेंटचं बोर्ड कप्तानांच्या भिंतीला आधीच होतं, आणि तुम्ही लाकूड म्हणाला होतात. यांनी निकाल जाहीर केला की लाकडात सुधारणेला वाव आहे.

मग सुतार आला. त्याचं नाव आम्ही होयबा ठेवलं आहे, कारण सबंध कामात तो एकदाच नाही म्हणाला आणि तेही खोकल्यासारखं. फळ्या आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर पोकळी ठेवू या, वारा खेळायला हवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. यांनी त्याला समोर बसवलं आणि बिस्किटाचा पुडा हातात दिला. पुडा फाटला तर बिस्किटाचं काय होतं? मऊ पडतं, साहेब. मग भिंतीला फट ठेवली तर? मऊ पडेल, साहेब. बिस्किटं खात खात होयबाने आपलं मत बदललं. फळ्या समुद्राकडून वळून थेट रस्त्याच्या बाजूपर्यंत भिंतीला चिकटून बसल्या, आणि मग वर, खाली, बाजूंनी, जिथे म्हणून एखादी फट दिसेल तिथे यांनी स्वतःच्या हाताने नळीतला रबरी मसाला भरला. मुंगीला आत शिरायला वाट ठेवली नाही. फक्त एक बारीकशी गोष्ट राहून गेली. बिस्किट पुड्यात घालतात तेव्हा ते भाजलेलं असतं. आमची भिंत पुड्यात घातली तेव्हा ती ओली होती.

खिळ्यांचं तर विचारूच नका. न गंजणारे स्क्रू महाग म्हणून साधे लोखंडी खिळे आले. खिळ्याचं डोकं ते केवढं, त्याला काय होतंय, असं होयबा म्हणाला, म्हणजे आधी हे म्हणाले आणि मग तो म्हणाला. महिन्याभरात प्रत्येक डोक्याखाली तांबडा ओघळ आला. रस्त्याने जाणारी मुलं थांबून बघायची. पण त्याच्याआधी एक आठवडा घर खरोखर सुरेख दिसत होतं हे मी कबूल करते, आणि त्याच आठवड्यात यांनी काढलेला फोटो तुमच्या दिवाणखान्यात लागला आहे. तो उतरवा असं मी म्हणत नाही. फोटोला वास येत नाही.

पुढे दमट दिवस आले आणि फळ्या फुगल्या. आधी ही खिडकी बंद होईना, मग एकदा बंद झाली ती उघडेना. दुपारी उन्हात भिंतीतून कडकड आवाज यायचा. हे कान देऊन ऐकायचे आणि कुरकुरीतपणा येतोय असं सांगायचे. मग झोपायच्या खोलीची भिंत आतून घामेजली. कपाटातल्या माझ्या चांगल्या कपड्यांवर हिरवी साय धरली. (तुम्ही दिलेली शाल त्यात होती. गेली. मला तिचं फार वाईट वाटलं असं नाही, पण कळवायला हवं.) शेवटी कोपऱ्यातल्या फळीला खालून छत्र्या उगवल्या तेव्हा मला वाटलं आता तरी डोळे उघडतील. यांनी निदान केलं की लाकडाची निगा कमी पडते आहे. आणि तेव्हापासून निगा सुरू झाली.

निगा म्हणजे काय ते सांगते. दर आठवड्याला भिंत गोड्या पाण्याने वरपासून खालपर्यंत धुवायची, कारण मीठ बसतं. मग वाळू द्यायची, ती वाळत नाही. मग बुरशी खरवडायची. मग तेल पाजायचं. आमच्या नळाला पाणी येतं थोडा वेळ, ते आधी भिंत पिते आणि उरलं तर आम्ही. यांचं स्वतःचं औषध तीन वेळा विसरतं, भिंतीचं तेल विसरत नाही. आणि हे सगळं शिडीवरून. कुणी माणूस लावू या म्हटलं तर माणसाला ओलावा कळत नाही. मी शिडी लपवली तर कप्तानांनी आपली दिली, वर चढून खरवडणारा शेजारी फुकटात बघायला मिळतोय तर कोण सोडेल. रविवारी ते आपली सिमेंटची भिंत पाइपने दोन मिनिटांत धुतात आणि टोपी सारखी करून आमच्याकडे बघत उभे राहतात.

वन्सं, थट्टा पुरे. मागच्या आठवड्यात हे वर असताना यांना चक्कर आली. पावलं खिडकीतून दिसत होती ती एकदम नाहीशी झाली. मी धावत बाहेर गेले तर हे पावसाच्या पाण्याच्या नळाला मिठी मारून लोंबकळत होते आणि शिडी आडवी पडली होती. मी ती कशी उभी केली ते मला आठवत नाही. खाली आल्यावर म्हणाले, "ताईला कळवू नकोस." त्या दिवसापासून मला भीती वाटते. खरवडल्याचा आवाज थांबला की माझ्या हातातलं काम थांबतं. मी रागावून पाहिलं, रडून पाहिलं, दोन दिवस बोलणं टाकून पाहिलं, तर यांना ते कळलंच नाही. हा माणूस जन्मात एकाच बाईचं ऐकत आला आहे आणि ती बाई मी नाही.

भावजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. तुमच्या तब्येतीला जपा, आणि तुमच्या बंधूंना मी जपतेच आहे, जेवढे खिडकीतून दिसतात तेवढे.

तुमची आज्ञाधारक (आता काय इलाज),
वहिनी

ता. क. खरं काम राहिलंच. तुम्ही यांना एक ओळ लिहा. लिहा, की बाळ, आता लाकडी फळ्या माझ्या मनातून उतरल्या, परवा एका ठिकाणी सिमेंटचं बोर्ड पाहिलं आणि तेच डोळ्यांत भरलं. बस, एवढंच. मी सांगितलं असं लिहू नका. डॉक्टरांचं नाव काढू नका. कप्तानांचं तर मुळीच काढू नका, नाहीतर हे गवताची भिंत करतील पण सिमेंट लावणार नाहीत. तुमच्या एका वाक्याने हे वर चढले, दुसऱ्याने उतरतील.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरंच झालं. चार दिवसांपूर्वी सकाळी यांना शिडीवर पुन्हा गरगरलं, पण या वेळी तीन पायऱ्याच चढून झाल्या होत्या. मी यांना धरून खाली उतरवलं आणि माझं डोकं इतकं सणकलं की मीच वर चढले. हातात उलथनं होतं, कारण मी स्वयंपाकघरातून तशीच धावत आले होते. वर जाऊन यांनी भरलेला तो रबरी मसाला वरच्या कडेचा सगळा उपसून काढला, मग खाली येऊन तळाचाही. तळाची पट्टी निघाली मात्र, आतून पाणी आलं. थेंब थेंब नव्हे, चांगलं ओघळून अंगणभर झालं. हे वाकले, त्यात बुडवलेलं बोट हुंगून पाहिलं आणि म्हणाले की पुडा खालून उघडा ठेवायला हवा होता. चूक झाली असं याहून जास्त स्पष्ट हे आजवर बोललेले नाहीत. कुजलेल्या फळ्या बदलाव्या लागतील, पण बाकीच्या वाळायला लागल्या आहेत. झोपायच्या खोलीची भिंत हाताला कमी गार लागते.

आणि वन्सं, शिडीच्या टोकावरून कप्तानांच्या घराची मागची बाजू दिसते. समुद्राकडची, जिथे कुणाचं लक्ष जात नाही ती. सिमेंटचं बोर्ड फक्त रस्त्याच्या बाजूला आहे! मागे उघडा गिलावा, त्यावर निळं ताडपत्रीचं कापड, आणि ते कापड जुन्या पायजम्याच्या नाड्यांनी बांधलेलं आहे. मी वरून त्यांना हात केला. त्यांनी टोपी काढली आणि घरात निघून गेले.

ता. क. तिसरा. तेव्हा ती ओळ लिहू नका. उलट, फळ्या फार शोभतात असंच लिहीत राहा. मी यांना समजावलं आहे की काम करणारा वर असतो आणि तपासणारा खाली, आणि कारखान्यातही तसंच होतं ना. ते पटलं. आता हे दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभे राहतात आणि सूचना देतात, मी जमेल तेवढ्या ऐकते. इकडे येताना प्रवासात घातली होतीत ती तुमची पुष्कळ खिशांची विजार तेवढी पोस्टाने पाठवा, उलथनं आणि ब्रश ठेवायला मला खिसे हवेत. सैल असली तरी चालेल. घाई एवढ्यासाठी, की चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच माझ्याशी मान वर करून बोलताहेत, आणि इतक्यात खाली उतरायचा माझा विचार नाही.