एकशे पाच अंशांवरचे बूट

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन ओली आहेत, तरी नमस्कार पूर्ण समजावा.) गुडघा कसा आहे? सूज उतरली असं मामी फोनवर म्हणाली, पण मामी तुमच्या तब्येतीची प्रत्येक गोष्ट चांगल्या बाजूला वळवून सांगते, तेव्हा तुम्ही स्वतः लिहा. मी बरी आहे.

लिहायचं आहे ते बुटांबद्दल. चार वर्षांपूर्वी मला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा तुम्ही डोंगर चढायचे तुमचे चामड्याचे बूट मला दिलेत आणि म्हणालात, "मेण लावत जा, पाय कोरडे राहतील." मी मेण लावलं. दर रविवारी दोन हात, शिवणींवर तीन. पाय ओले झाले. तसं कळवलं, तर तुमचं उत्तर आलं की तो घाम. (घोटाभर चिखलात उभं राहून मातीचे नमुने काढताना मला इतका घाम येत असेल, तर बुटांऐवजी डॉक्टर बदलायला हवा.) मी मेण बदललं, मोजे बदलले, नाड्या बांधायची पद्धतसुद्धा बदलली. तुमचं उत्तर बदललं नाही. चार वर्षं आपला पत्रव्यवहार मुख्यतः माझ्या घामाविषयी आहे.

गेल्या सोमवारी दिवसभर ओढ्याकाठी काम होतं. संध्याकाळी प्रयोगशाळेत येऊन बूट काढले, तर डाव्यातून पाणी ओतता आलं. आत शिरलेला एक थेंबही त्यांनी बाहेर जाऊ दिला नव्हता. त्या अर्थाने ते जलरोधक आहेत, हे मी मान्य करते. तेव्हाच वाटलं, हा वाद एकदाचा आकड्याने मिटवावा. मातीत पाणी किती, हे काढायची आमची रीत सोपी आहे. ओला नमुना तोलायचा, एकशे पाच अंशांच्या भट्टीत चोवीस तास ठेवायचा, पुन्हा तोलायचा. घटलं ते पाणी. हे मी रोज इतक्यांदा करते की डोकं लागत नाही. त्या दिवशीही लागलं नाही. तुलनेसाठी दोन नमुने हवेतच, म्हणून दोन्ही बूट ठेवले.

सकाळी भट्टी सांभाळणारे काका नाकाला रुमाल लावून आले. "मॅडम, हा नमुना किती खोलीवरून काढलाय?" मी म्हटलं, चोवीस तास व्हायच्या आत उघडायचं नाही. (ही सूचना भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेली आहे.) दुपारी डबा खाताना तुमचं पत्र उघडलं. ऑपरेशन अठरा तारखेला, त्यानंतर चढ कायमचे बंद, आणि त्याआधी एकदा, त्याच बुटांत, घरामागची टेकडी चढायची आहे. बूट घेऊन ये. मी पत्राची घडी घातली आणि भट्टीकडे गेले. चालतच गेले. धावून फरक पडणार नव्हता.

ते बूट आता सहा वर्षांच्या मुलाला होतील, मुलाचे पाय लाकडाचे असले तर. तळ सुटून ट्रेला चिकटले आहेत. काकांनी विचारलं, "कुणाचे होते?" मी म्हटलं, मामांचे. "मग बदली मागा," ते म्हणाले. मी तरीही तोलले. डाव्यात पाणी बावन्न पूर्णांक तीन टक्के. नदीकाठच्या मऊ चिकणमातीत एवढं असतं, आणि तिच्यावर मी कुणाला संडासही बांधू देत नाही. म्हणजे वाद मी जिंकले. तीन मोच्यांकडे जाऊन आले. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने हसून चहा पाजला. तुमचे बूट पूर्ण कोरडे आहेत, मामा. त्यांत पाय जात नाही, एवढंच.

तुमची भाची

ता. क. तुमच्या मापाचे रबरी बूट घेतले आहेत. दुकानदाराने पाणी न शिरण्याची हमी लेखी दिली आहे.

ता. क. २. असाच एक जोड माझ्या मापाचाही घेतला आणि ओढ्यात दोन दिवस घालून पाहिला. पाणी शिरलं नाही. पाय ओले झाले. घाम होता.

ता. क. ३. पंधरा तारखेची रजा टाकली आहे. मला एकटीला चालायला आवडतं, हे तुम्हाला माहीत आहे. तरी टेकडी माझ्याशिवाय चढू नका. रागामुळे नको म्हणायचं असेल, तर स्वतः लिहू नका, मामीकडून निरोप द्या.