अकबरचा रोटर

२ मे
संकल्प: फियाट स्वतः दुरुस्त करणार. दहा तारखेला पुतणी सानवीचं लांज्याला लग्न. नवरीची गाडी माझीच. सख्खा काका मी आहे! शेजारचा अकबर कुवेतहून परतला आणि त्याने तसलीच जुनी फियाट घेतली. ती पहिल्या किल्लीला सुरू होते, म्हणून सगळी आळी त्याची आरती ओवाळते. माझी चढावर खोकते, एवढाच फरक. सानवी त्याला लाडाने अकबरचाचा म्हणते. मला नुसतं काका.

३ मे
बॉनेट उघडलं. दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये. प्लगांना ठिणगी वाटणारं हे खातं. वरच्या कॅपला तडा, आत फिरणारा रोटर जळका. वाटपातच खोट! जन्मभर मी दुसरं काय बोलतोय?
दुकानदार म्हणाला, जुनी कॅप दाखवा. मोडकी वस्तू घेऊन बाजारात फिरणारा मी नव्हे. शब्दांत वर्णन केलं. गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती.

४ मे
कॅप बसत नाही. भलत्याच बनावटीची. दुकानदाराचं श्रवण कच्चं.
जुनी कॅप पिशवीत, शेवग्याच्या शेंगांखाली लपवून पुन्हा निघालो. दारातच अकबर. पिशवीत डोकावून म्हणाला, काय भाऊ, शेंगांना पण करंट लागतो काय? हसलो नाही.

६ मे
नवी कॅप, नवा रोटर. चारही वायरी एकदम काढल्या, स्मरणाने लावल्या. किरकोळ स्फोट. बायको, गोदा, म्हणाली, अकबरभावजींना हाक मारू? म्हटलं, परकी मदत नको. म्हणाली, मग घरातली कुठाय?
दुपारी क्रम जुळला. इंजिन गर्जलं! अकबर कुंपणाच्या गडग्यापलीकडून टाळ्या वाजवत होता. जळून.

९ मे
अकबर गाडीभोवती घुटमळतोय. म्हणे, उद्यासाठी जरा बघून देऊ? डाव ओळखला. रोटर काढून लग्नाच्या जाकिटात टाकला. रोटरविना फियाट म्हणजे नुसतं कपाट. लाव आता हात!

१० मे, सकाळ
गोदाने कपड्यांची बॅग काल संध्याकाळीच टेम्पोने लांज्याला पाठवली. जाकिटासकट.
सानवी नटून उभी. पार्ट डिफेक्टिव्ह निघाला, असं मी जाहीर केलं. अकबरने कॅप उघडली. डिफेक्टिव्ह कसला भाऊ, आत रोटरच नाय! मी वाढत्या चोऱ्यांवर बोललो. सानवी म्हणाली, चाचा, तुमच्याच गाडीने जाऊया. तो म्हणाला, नाय गो, तुला काकाच नेणार. स्वतःच्या गाडीतला रोटर काढून माझ्या गाडीत घातला. किती हे ढोंग! पहिल्या किल्लीला सुरू.

१० मे, संध्याकाळ
हातखंब्याचा चढ न खोकता पार. अकबर मागून एसटीने आला. मांडवात सगळे त्याच्याभोवती. पहिला पेढा त्याला.
जाकीट घातलं. खिशात माझा रोटर. आणि लख्ख उमगलं: सगळी करामत त्याच्या रोटरची आहे. कुवेती माल!

११ मे
परत करताना माझा नवा दिला, त्याचा ठेवून घेतला. हा चकाकतोय कसा, म्हणाला. म्हटलं, पुसून दिला. समान वाटप म्हणतात ते हेच.

१५ मे
गोदाला घेऊन बाजारात निघालो. मारुती मंदिराच्या सर्कलला गाडी बंद. मागून अकबर आला. त्याची गाडी हल्ली पूर्वीपेक्षाही मऊ चालते. माझी कॅप उघडून त्याने मान हलवली. म्हणाला, भाऊ, तुमचा रोटर पार संपलाय हो. नवा घ्या. आणि दुकानात हा जुना सोबत न्या. शेंगा नकोत.
गोदा त्याच्या गाडीतून घरी गेली. मी गाडी ढकलतोय असं दिसावं म्हणून मागे उभा राहिलो.