माझी उजवी टाच

१२ नोव्हेंबर १९५६, मोशी
टाच मोडल्याला दीड वर्ष झालं. घराच्या धाब्यावर गहू वाळत घालताना शिडी सरकली, उभीच खाली आले. प्लास्टर झालं, हाड जुळलं, पण वाकडं. सडकेवर निभतं. आज चिखलीच्या शेतवाटेवर पाऊल तिरकं पडलं आणि बांधावर बसूनच राहिले. तिकडे बाळंतीण अडलेली. पोचले, उशिरा. मूल ठीक आहे. मी नाही.

१९ नोव्हें.
लोकल बोर्डाचे साहेब आले होते. "नर्सबाई, फिरती जमत नसेल तर दवाखान्यात बसून काम करा. इथं दुसरी बाई नेमू." चांगल्या मनानं म्हणाले, म्हणून जास्त लागलं. एप्रिलपर्यंत मुदत मागितली. दिली.

२२ नोव्हें.
पुण्याला जाऊन आले. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. घोट्याखालचा सांधा खराब झालाय, दुखणं तिथलं. कमरेच्या हाडाचा तुकडा घालून तो सांधा कायमचा जखडायचा, बाहेर आलेलं हाड तासायचं. तीन महिने प्लास्टर.
विचारलं, "शेतातून चालता येईल?"
"दुखणं बहुतेक जाईल. पण पाऊल डावी-उजवीकडे कलणार नाही. सपाटीवर ठीक. शेताचं मी सांगू शकत नाही."
खरं बोलले. यांच्याकडूनच करून घेणार.

२६ नोव्हें.
अडचण गावातल्या सखूची. दोन मुलं जन्मताच गेली, तिसरं जानेवारीत. तेव्हा मी प्लास्टरमध्ये. तिच्यासाठी थांबले तर मुदत संपते. घरी जाऊन सरळ सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "बाई, तुमी पाय नीट करून या. पर माज्यापाशी कुनाला तरी ठिवून जा."

२८ नोव्हें.
भागूबाई, गावची जुनी सुईण. अजून विळ्यानं नाळ कापते. मी आल्यापासून तिला बोलावणी कमी, म्हणून माझ्याशी बोलत नाही. सखूचं बाळंतपण कर म्हणायला तिच्या दारात गेले.
"आता बरी आठवन झाली."
ऐकून घेतलं. चूक माझीही आहे.

५ डिसें.
रोज भागूबाईकडे शिकवायला जाते. ती कात्री, दोरा उकळून घेते आता, कुरकुरत. पोटावर हात ठेवून मूल कसं आहे ते सांगते, माझ्याआधी. हे मी तीन वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं...

१० डिसें., पुणे
उद्या ऑपरेशन. आई म्हणते, "चालतेस ना, मग कशाला कापाकापी?" चालते गं, पण कुठपर्यंत?

१४ डिसें.
झालं. ईथरचा वास नाकातून जात नाही. पायापेक्षा कंबर दुखते.

१७ जाने. १९५७, मोशी
पाय उशीवर. सकाळी सखूला कळा सुरू झाल्याचं कळलं. बैलगाडी सांगितली. भागूबाईचा उलट निरोप, "पाय टेकलात तर सांधा सुटंल. मी हाय न्हवं." गाडी परत पाठवली. एवढं अवघड काही केलं नव्हतं.
दुपारी भागूबाई स्वतः आली. दारातूनच, "पोरगी झाली. लगेच रडली. कात्री उकळली व्हती." आईनं चहा टाकला.

१९ मार्च
प्लास्टर निघालं. पोटरीची काडी झालीय. एक्स-रेत सांधा पक्का. डॉक्टर म्हणाले, "आता तुमचं काम."

६ एप्रिल
भागूबाईबरोबर नदीकडेनं डुडुळगावला. पहिलं ते टोचणारं दुखणं गेलंय, हे नक्की. पण पाऊल कलत नाही, खडकाळ वाटेवर सगळं अंगच कलतं. दोनदा पडले. तिनं हात दिला नाही. "उठा आपल्या आपन. म्होरं मी कुठं असनार?" उठले. वेळ दुप्पट लागला, पण जाऊन आले.
सोमवारी साहेब येणार, सोबत चालून बघणार. त्यांना सांगायचं ठरवलंय, फिरतीवर मीच राहणार, आणि भागूबाईलाही बोर्डानं नेमून घ्यावं. ऐकतील का...
उद्या पुन्हा डुडुळगाव.