खिडकीबाहेरचा बांबू

४ मार्च
न्हाणीघराची फरशी उचलली गेली! फटीतून हिरवं टोक. बांबू, दुसरं काय. आता घरातच आलाय — चहा विचारायचा का त्याला?

माळीदादा म्हणाले, "ताई, हा मुळांनी धावणारा बांबू. कुंडीतच ठेवायचा. साहेबांनी जमिनीत लावलाच कसा?"

लावला. ह्यांना कोण सांगणार! काळ्या काठ्यांचा, शोभेचा, म्हणून हौसेने आणला. दोन वर्षं होत नाहीत तोच हे पडले — उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बांबू वाढतोच आहे.

११ मार्च
माळीदादा मुळासकट काढायला आले होते. परत पाठवलं. कशी काढू देऊ? हे दिवसभर त्याच्याकडेच बघत असतात. सकाळी अंग पुसून झालं की मी पलंग खिडकीकडे वळवते. मग डोळे तिथून हलत नाहीत. दुसरं काय उरलंय त्यांना?

१२ मार्च
न्हाणीघरातले कोंब काल छाटले, आज पुन्हा हजर. हात टेकले.

१९ मार्च
लेक आली. फरशी बघून कपाळाला हात लावला. बांबू शेजारच्या काकूंच्या अंगणात पोचलाय, त्या बोलेनाशा झाल्यात, तेही तिला कळलंच. "आई, बाबांचं नाव पुढे करून तूच धरून बसलीयेस त्याला!" मी तिच्या अंगावर धावले. नको नको ते बोलले. न जेवताच गेली पोर.

मी धरून बसलेय? ह्यांनाच विचारलं — ठेवू ना हा? घशातून नुसती घरघर. डोळ्यांत पाणी. मी ते "हो" धरलं. पण कशावरून? मला काही म्हणजे काही कळत नाही, आणि विचारू कुणाला?

२५ मार्च
बोलायला शिकवणारी मुलगी म्हणाली, "काकू, ओठ हलायला लागलेत. घाई करू नका हं."
मी कुठे घाई करतेय! वाट बघतेय. आणि कोंब छाटतेय.

२ एप्रिल
बोलले!! मी पलंग वळवत होते, तर ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. खिडकीकडे बघून, अगदी स्वच्छ — "तोड!"
आणि मी रोज त्यांना त्याच्याचसमोर नेऊन ठेवत होते!
माळीदादांचा फोन लागत नाही. भाजीची सुरी घेऊन निघालेय.