वायर खाली येईना म्हणून

आचाओजवळ, किंचाओ बेट
१२ नोव्हेंबर २०१६

चि. हेरिबेर्तोस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे मोजे पोचले. एकेका मोज्यात माझे दोन्ही पाय मावतात, तरी थंडीत घालीन म्हणते. इकडे सगळं ठीक. बटाटे लावून झाले. मेंढीला जुळी झाली आणि दोन्ही तिच्यासारखीच हट्टी निघाली.

पत्रास कारण, परवा कंपनीची एक बाई आली होती. टीव्ही आणि इंटरनेट एकाच वायरीतून, बिल एकच, आणि दीड वर्ष सोडायचं नाही. तुमच्या पुंता अरेनासला हे केव्हाच आलंय म्हणे. मी तिला सांगितलं, टीव्ही माझा आहे, खांबावरच्या अँटेनावर एक वाहिनी दिसते आणि ती मला पुरते, नुसतं इंटरनेट द्या. तर म्हणाली, तसं मिळत नाही, दोन्ही एकत्रच घ्यायचं. म्हणजे दुकानात मीठ मागावं आणि वाण्याने सोबत घोडा बांधून द्यावा.

मला इंटरनेट कशाला, असं विचारशील. मला नकोच आहे. यास्नासाठी हवंय. तुझी भाची सान्तियागोत ज्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते, त्यांनी आता घरून काम केलं तरी चालेल असं सांगितलंय, मग ते घर कुठे का असेना. चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहिलं तरच इथे मोबाइल लागतो, तिथून परवा तिच्याशी बोलले. ती म्हणाली की बेटावर चांगली लाइन असती तर तिथूनही काम झालं असतं. एवढंच म्हणाली. मी पुढे काही बोलले नाही, पण घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. शाळा संपली तशी गेलेली पोर ती. तेव्हापासून पाहुणी म्हणूनच येते.

अडचण अशी की वायर वरच्या रस्त्यानेच जाणार, आणि माझं घर खाली किनाऱ्याला. कंपनीच्या बाईने नकाशा बघितला आणि मान हलवली. वायर इतक्या खाली येणारच नाही. तेव्हा तूच सांग, नाद सोडू की खटपट करू?

तब्येतीला जप, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
एदुलिया


पुंता अरेनास
२९ नोव्हेंबर २०१६

ती. एदुलियाताईस,
शि. सा. न. वि. वि.

मोजे दुकानातले नाहीत, मी स्वतः विणले आहेत, हे नम्रपणे कळवतो. इथल्या हिवाळ्यात माणूस काय काय शिकतो.

कंपनीच्या त्या जोडीबद्दल म्हणशील, तर माझ्याकडे ती दोन वर्षं आहे. वाहिन्यांना अंत नाही. मी बघतो ती एकच. तिच्यावर एक जाडा माणूस मोठमोठे मासे पकडतो, त्यांचा मुका घेतो आणि परत पाण्यात सोडतो. आपल्या बेटावर त्याला बायको मिळाली नसती. खरं तर मी फारसं बघतही नाही, नुसता टीव्ही लावून ठेवतो. घरात कोणीतरी बोलत असलं की बटाटे सोलायला बरं वाटतं. इंटरनेटचं काय करतात ते मला अजून कळलेलं नाही. तेव्हा तुझ्यासाठी विचारत असशील तर घेऊ नकोस. पण तू तुझ्यासाठी विचारत नाहीयेस.

ताई, यास्ना येते म्हणाली का? की काम झालं असतं एवढंच म्हणाली? या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे. तिला सरळ विचारून टाक.

बाकी वायर खाली येत नसेल तर घर वर ने. आजोबांनी पाद्र्याशी भांडण झालं म्हणून चर्चशेजारचं लाकडी घर बैलांनी ओढून किनाऱ्याला आणलं होतं. तुझ्याकडे त्याहून चांगलं कारण आहे.

राग धरू नकोस, थट्टा सहन कर, आणि पत्र पाठव.

तुझा धाकटा,
हेरिबेर्तो


आचाओजवळ
२० डिसेंबर २०१६

चि. हेरिबेर्तोस,
अनेक आशीर्वाद.

तू थट्टा केलीस हे कळण्याइतकी मी शहाणी आहे. पण ती थट्टा काही डोक्यातून जाईना. शेवटी एलेउतेरियो चिगुआयला बोलावलं. घरं ओढायची म्हटलं की इथे अजून त्याचाच शब्द चालतो. त्याने काठीने खांब ठोकून पाहिले, घराखाली सरपटत गेला, आणि बाहेर येऊन म्हणाला की घर मालकिणीपेक्षा धड आहे. फेब्रुवारीत जमीन कोरडी असेल, तेव्हा मिंगा करता येईल, सगळं गाव मिळून घर ओढेल.

आता मिंगा म्हटली की जेवण माझं आणि बैल गावाचे. पण बैल काही आपण होऊन येत नाहीत. तुला आठवत असेल, आई कशी दारोदार जायची. उंबऱ्यात उभं राहायचं आणि 'विनवायला आले आहे' असं तोंडाने म्हणायचं. तेवढं म्हटलं की नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. मी आतापासूनच सुरुवात केली आहे. कार्कामोंनी दोन जोड्या देऊ केल्या, आणि ज्या बार्रियाबाईशी मी बोलत नाही तिनेही एक.

वर रस्त्यालगत जागा बघत होते. मान्सिलांची उतरती आहे, शाळेमागे पाणथळ. बाबांनी वाटणीत ठेवलेला तो सपाट तुकडा तेवढा बरा आहे, सेगुन्दोच्या मेंढ्या चरतात तिथला. या वर्षी गवत छान आलंय तिथे. बाकी विशेष काही नाही.

यास्नाला विचारलं नाही. विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? आणि न विचारता घर वर नेलं आणि ती आलीच नाही, तर माझा समुद्र सोडून मी तिथे शंभर वाहिन्या घेऊन काय करू? भीती वाटते रे. तुझ्याशिवाय हे कुणाला लिहिणार?

नाताळात एकटा पिऊ नकोस. आठवण ठेव.

तुझी,
एदुलिया


पुंता अरेनास
५ जानेवारी २०१७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गवत छान आलंय हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. तो तुकडा माझ्या वाटणीचा आहे हे तुला ठाऊक, मला ठाऊक, सेगुन्दोच्या मेंढ्यांनाही ठाऊक. शत्रूच्या दारात बैल मागायला जातेस आणि सख्ख्या भावाला गवताच्या बातम्या सांगतेस.

घर तिथेच ने. पूर्वेच्या कडेला ठेव, म्हणजे टेकडीचा आडोसा मिळेल. मी दर वर्षी म्हणत आलो, पुढल्या उन्हाळ्यात येऊन तिथे घर बांधीन. आता शिडी चढताना गुडघे कुरकुरतात. हे लिहिताना काहीच वाटलं नाही असं म्हणणार नाही. थोडं वाटलं. मग चहा केला, आणि तुझं घर तिथे उभं आहे असं डोळ्यांपुढे आणलं, तेव्हा बरं वाटलं.

एलेउतेरियोला सांग, दोर नवे वापर. त्याची जुन्या दोरांवर फार श्रद्धा.

आशीर्वाद असू द्यावेत,
हेरिबेर्तो


आचाओजवळ, वरचा रस्ता
२० फेब्रुवारी २०१७

चि. हेरिबेर्तोस,
खूप खूप आशीर्वाद.

घर वर आलं. धड आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तू श्वास सोडशील.

आता गंमत ऐक. कंपनीची ती बाई म्हणाली होती की दरातली सवलत जानेवारीपुरतीच आहे. म्हणून मी घाईने वरचा पत्ता देऊन सही करून टाकली. खोटं काहीच नव्हतं. पत्ता खरा होता, फक्त घर अजून तिथे गेलं नव्हतं. वायर जोडणारा मार्चमध्ये येईल असं मी धरून चालले होते. तो मिंगाच्या आदल्या मंगळवारीच शिडी घेऊन हजर. निबाल्दो त्याचं नाव, उत्तरेकडचा, कास्त्रो शहरात नुकताच आलेला. शेतात फिरफिर फिरला आणि विचारत विचारत खाली माझ्याकडे आला. म्हणाला, बाई, तुमच्या पत्त्यावर मेंढ्या आहेत. मी म्हटलं, हो, घर शनिवारी यायचंय. तो म्हणाला, मालक घरी नसल्याची नोंद करायची सोय कंपनीने दिली आहे, पण घरच घरी नाही, याची नोंद कुठे करू? काम रद्द करण्यावाचून त्याच्यापुढे इलाज नव्हता. मी त्याला जेवायला बसवलं आणि विनवलं. आता विनवण्याचा सरावच झालाय मला. शनिवारी सुट्टी असते तेव्हा येतो म्हणाला.

शनिवारी आलाही. तोवर आम्ही चूल बाहेर काढली होती, खिडक्या काढल्या होत्या, आतून तुळया आडव्या ठोकल्या होत्या. अख्खं गाव जमलं. बैल जुंपले, एलेउतेरियोने हाक दिली आणि घर हललं. चर्चच्या वळणावर चढ लागतो ना, तिथे दोर तुटला. जुनाच दोर, तू म्हणाला होतास तसा. घर मागे सरकलं आणि समुद्राकडे कललं. बायका किंचाळल्या. मी देवाचं नाव घेण्याआधी तुला शिव्या दिल्या, कारण कल्पना तुझी. पोरांनी धावत जाऊन ओंडके खाली सारले आणि घर थांबलं. बघते तर निबाल्दोही दोराला लागलेला, तळहात सोलवटलेले.

वर पोचल्यावर घराखाली पाया घालायच्या आधीच त्याने वायर जोडली. गावाने कुरान्तोच्या खड्ड्यातून तापल्या दगडांवर शिजलेले शिंपले, मांस, बटाटे ताटात वाढून घेतले आणि ताटं हातात धरून माझ्या टीव्हीसमोर उभे राहिले. तुझा तो जाडा मासेवाला नेमका लागला होता. त्याने मासा परत सोडला तेव्हा एलेउतेरियो रागावून बाहेर निघून गेला.

यास्ना आली नव्हती. लाइन येतेय असं चर्चच्या पायऱ्यांवरून सांगितलं तेव्हा, वा, छान झालं आई, म्हणाली. तेवढंच. आता रोज संध्याकाळी त्या डब्यावरचा हिरवा दिवा बघत बसते. घर आलं, लाइन आली, आणि भीती तशीच आहे.

जागेसाठी आभार मानत नाही, तुला राग येईल. प्रेम आहे तसंच राहू दे.

तुझी,
एदुलिया


पुंता अरेनास
६ मार्च २०१७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्याने वाचलं, घर थांबलं त्या ओळीला खाली बसलो. देवाची कृपा. एलेउतेरियोला माझ्या वतीने चार शब्द सुनाव आणि मग मिठी मार.

तो दिवा बघत बसू नकोस. तो काही बोलणार नाही. तुला बोलावं लागेल.

मी बरा आहे. वारा फार सुटलाय.

कृपा असावी,
हेरिबेर्तो


आचाओजवळ, वरचा रस्ता
२५ एप्रिल २०१७

चि. हेरिबेर्तोस,
अनेक आशीर्वाद.

यास्ना आली. मी बोलावलं नव्हतं. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी बसमधून उतरली, दोन बॅगा आणि तिचा संगणक घेऊन. सणापुरती आली असेल असं मी मनाला सांगत राहिले, पण सणापुरत्या माणसाला दोन बॅगा कशाला, असंही मनात येतच होतं. माडीवरच्या खोलीत टेबल मांडून ती नकाशे काढायला बसली. मी जिन्यातूनही चोरासारखी वावरत होते, न जाणो, माझ्या पावलांनी लाइन जायची.

आणि गेल्या शुक्रवारी वादळ आलं. शाळेजवळचं झाड वायरीवर पडलं. टीव्ही गेला, इंटरनेट गेलं, दिवा विझला. झालं, म्हटलं, आता ही बॅगा भरणार. मी डोक्यावर शाल घेऊन पावसात रस्त्यापर्यंत गेले, झाड बघून आले, निबाल्दोला निरोप धाडला. चिंब होऊन परत आले तर ही स्वयंपाकघरात निवांत बसून बटाटे किसतेय. मी तिची माफी मागायला लागले. वायरीच्या वतीने, कंपनीच्या वतीने, वाऱ्याच्याही वतीने. ती किसणी खाली ठेवून म्हणाली, "आई, बैलांसाठी तू गावभर उंबरे झिजवलेस. मला एकदा 'ये' म्हणाली असतीस, तर मी लाइन नसतानाही आले असते."

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले, बैलवाल्यांच्या दारात उभी राहायचे तशी, आणि तिला म्हटलं, "विनवायला आले आहे. राहा."

ती रडली, मी रडले, किसलेले बटाटे काळे पडले. तेच तळून खाल्ले. वायर आज सकाळी जोडून गेले. तोवर दिवा लागला की नाही, हे बघायचंसुद्धा मी विसरले होते. ती राहतेय, हेरिबेर्तो. किती हलकं वाटतंय ते तुला लिहून सांगता येत नाही.

आता तुझ्याबद्दल. घर मी पूर्वेच्या कडेला ठेवलं, तू सांगितलंस तसं. पश्चिमेची बाजू सगळी मोकळी आहे. यास्नाने सहज म्हणून तिथे दोन खोल्यांचा नकाशा काढलाय, एकही शिडी नसलेला. एलेउतेरियो आणि कार्कामो लाकूड द्यायला तयार आहेत. त्यांना मी विनवलं. तुलाच तेवढं विनवलं नाही. तू तिकडे मजेत आहेस असं मी इतकी वर्षं धरून चालले, आणि टीव्हीला बोलायला लावून बटाटे सोलणारा माणूस मजेत नसतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तर मी तुझ्या उंबऱ्यात उभी आहे असं समज. विनवायला आले आहे. घरी ये.

लोभ या वेळी पत्रातून पाठवू नकोस. सोबत घेऊन ये.

तुझी ताई,
एदुलिया